दुसरा फटका

रक्त तपासायच्या लॅबमध्ये सकाळची पाळी कायम तिच्याकडे असायची. उपाशीपोटी आलेली माणसं उजाडायच्या आतच दाराशी येऊन बसत, त्यामुळे ती घरातून निघे तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून चालूच असत. अशाच एका पहाटे लॅबमागच्या गल्लीत, कचऱ्याच्या पिंपांपाशी, एका माणसानं तिला अडवलं. त्याच्या हातात काहीतरी होतं. सुरी असेल, नसेलही. तिनं नीट पाहिलंच नाही. तो म्हणाला, "पिशवी." तिनं पिशवी दिली. तो वळला आणि मग तिच्या लक्षात आलं की डब्याची छोटी पिशवी दुसऱ्या हातात तशीच राहिलीय. ती दिसली तर हा परत येईल, या भीतीनं ती म्हणाली, "अहो, ही पण घ्या."

त्यानं तीही घेतली आणि तो गेला.

संध्याकाळी सासूबाईंच्या घरी सगळे जमले तेव्हा तिनं हे अथपासून इतिपर्यंत सांगितलं. ते 'अहो'सुद्धा सांगितलं. अर्धं रडत, अर्धं हसत.

तिच्या दिरानं नेमकं तेच उचललं. नवऱ्याचा हा धाकटा भाऊ शाळेची बस चालवायचा. लग्न केलं नव्हतं, आईजवळ राहायचा आणि दिवसभर पोरांना हसवत असायचा. कुणाचं नाक ओढ, कुणाच्या कानामागून खडू काढ. घरीही तेच. मागून येऊन डोळे झाकायचे आणि आवाज बदलून विचारायचं, "ओळखा पाहू कोण?" सगळ्यांना तो आवडायचा. तिलाही.

"वहिनी," तो त्या संध्याकाळी म्हणाला, "आमच्या दादाला जन्मात कधी 'अहो' म्हणाला नाहीत. 'अरे', 'तू', 'ऐकतोस का'! आणि चोराला एकदम 'अहो'?"

सगळे हसले. नवराही. तीही हसली, कारण दिवसभर छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं.

पण ते तिथं संपलं नाही. पाहुणे आले की दीर तिच्याकडे बोट दाखवून सुरुवात करायचा, "आमच्या वहिनींचे 'अहो' माहीत आहेत का?" पुढे पुढे चोराचं नाव 'धाकटे दादा' पडलं. तिनं नवा डबा घेतला तर, "धाकट्या दादांना आवडेल ना हा?" तिला लॅबमधून यायला उशीर झाला तर, "भेटले वाटतं गल्लीत!" दर वेळी ती हसायची. हसली नाही तर लोक म्हणाले असते, बाईला एवढंही कळत नाही. त्या माणसाचा श्वास, पिंपांचा वास, स्वतःचा तो नम्र, बारीक आवाज पुन्हा पुन्हा सगळ्यांसमोर मांडला जायचा आणि ती चहाचे कप भरत राहायची.

स्वसंरक्षणाच्या वर्गात नाव घातलं ते तिनं कुणाला न विचारता. बॅडमिंटनच्या जुन्या हॉलमध्ये रबरी गाद्या अंथरून तो वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई पन्नाशी उलटलेल्या, खांद्यांनी रुंद. आधी बायकांच्या तुरुंगात पहारेकरी होत्या म्हणे. त्यांच्याकडे कराटेसारखे रंगीत पट्टे नव्हते, नमस्कार नव्हते, उड्या नव्हत्या.

"ही काही स्पर्धा नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "इथं पंच नाही, गुण नाहीत. बघा. बघून निघता आलं तर निघा. पळणं म्हणजे हरणं नाही, पळणं म्हणजे जिंकणंच. निघता आलं नाही, तरच हात उचला. मग मात्र अर्धवट उचलू नका. आधी अडवू आणि मग मारू, असा वेळ मिळत नाही. अडवणं आणि मारणं एकाच श्वासात. नाक, डोळे, गळा, गुडघा. कुणी धरलं तर त्याची पकड सोडवत बसू नका, त्यालाच तुम्हाला सोडावंसं वाटलं पाहिजे. आणि धोका संपला की हात खाली. खाली म्हणजे खाली."

शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी सोडून दिलं. तिनंसुद्धा.

ती हुशार निघाली. रक्त घेताना रोज शेकडो हात हाताळणारी बाई. माणूस कुठं आखडतो, कुठं ढिला पडतो, हे तिच्या बोटांना आधीच ठाऊक होतं. मागून पकडलं की कोपर मागे, लगेच वळणं, तळहात नाकावर. गादीवर तो तळहात बसला की हॉलभर आवाज घुमायचा. तिला तो आवाज आवडायला लागला. घरी येताना गल्लीतून मुद्दाम जायची. चालताना खांदे आपोआप रुंद व्हायचे.

मग तो रविवार आला. सासूबाईंच्या घरी दुपारी ती मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. चिमटे एका हातात, ओली चादर दुसऱ्यात. मागून दोन हात आले आणि तिच्या डोळ्यांवर बसले.

कोपर तिच्या मनाला न विचारता मागे गेलं. बरगडीत बसलं. हात डोळ्यांवरून सुटले. मागून कळवळलेला आवाज आला, "अहो वहिनी, मी—"

ती वळली. समोर दीर होता. वाकलेला, एक हात बरगडीवर, तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. तिनं त्याला पाहिलं. तो कोण आहे ते तिला कळलं. तो आवाज, तो चेहरा, तो चौकड्यांचा शर्ट. सगळं तिला एखाद्या फोटोइतकं स्पष्ट दिसलं, आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं, 'हाच तो धाकटे दादा म्हणणारा.' मग तिचा तळहात त्याच्या नाकावर बसला.

तो मागे गेला, बादलीला अडखळला आणि उजव्या हातावर पडला. मनगट मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. चिमटे खाली सांडले होते.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा नवऱ्यानंच उत्तर दिलं. "हा मागून गेला हो. हिला आधी एकदा लुटलंय, ही दचकली." तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. सासूबाई तर बाकावर बसून लेकालाच फैलावर घेत होत्या. "बरं झालं! शंभरदा सांगितलं, असं मागून येऊ नकोस. अगं, तू कशाला रडतेस? तू बरोबर केलंस. मी असते तर अजून दोन ठेवून दिल्या असत्या."

नाकात कापसाचे बोळे, हात प्लास्टरमध्ये. दीर म्हणाला, "आई, तुझी सून इथं बसली की मला लांबच्या खाटेवर टाकायला सांग."

सगळे हसले. आता हसणं त्याच्यावर होतं.

पुढचे काही आठवडे हेच चाललं. भेटायला येईल त्याला तो स्वतःच गोष्ट सांगायचा. सुजलेल्या नाकातून गेंगाण्या आवाजात. "मी गेलो मागून, ओळखा पाहू म्हणायच्या आतच यांनी ओळखलं! एक फटका, भाऊ, एकच. नाक, बरगडी, मनगट, सगळं एका फटक्यात. एवढी काटकसर कुणी पाहिलीय?" पाहुणे पोट धरून हसायचे. तिच्याकडे बघून कुणी म्हणायचं, "वाघीण आहे हो." कुणी आपल्या मुलीला त्या वर्गाला घालायचं ठरवायचं.

ती ऐकत राहायची. एकच फटका. त्याच्या गोष्टीत कधीच दोन नसायचे. त्याचं ते 'वहिनी, मी' सुद्धा नसायचं. आणि ते नसतं हे फक्त तिला आणि त्यालाच कळत होतं. सासूबाई त्याला चमच्यानं सूप भरवायच्या. चमचा दुखऱ्या ओठाला लागला की तो डोळे मिटायचा. ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. लाज वाटते तेव्हा माणसाला कुठं जावं कळत नाही. ती नळाखाली हात धरून उभी राहायची. त्या तळहाताला अजून नाकाचं हाड जाणवायचं.

खरं सांगायचं, तर लाजेपेक्षाही वाईट काहीतरी होतं. तो तळहात बसला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पापणी लवायच्या आत ते विरलंही होतं. पण वाटलं होतं.

वर्गात ही बातमी तिच्याआधी पोचली होती. हॉलमध्ये पाऊल टाकताच बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "करून दाखव ना, कसं केलंस!" बाईंनी मान डोलावली. "दाखव. सावकाश."

एका मुलीनं मागून डोळे झाकले. तिनं कोपर मागे नेलं, हात सुटले, ती वळली. आणि थांबली.

"पुढे?" बाई म्हणाल्या.

"एवढंच."

"नाक कशानं फुटलं मग?"

"ते... पडताना."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तुरुंगात वर्षानुवर्षं बायकांची कारणं ऐकलेल्या डोळ्यांनी पाहिलं. वर्ग संपल्यावर गाद्या गुंडाळायला त्यांनी तिलाच थांबवलं. दोघी गाद्यांची दोन टोकं धरून गुडघ्यांवर सरकत होत्या.

"कोपर बसलं. हात सुटले. तो काही म्हणाला?"

ती गादीची कड सरळ करत राहिली.

"काही म्हणाला का, विचारतेय."

"वहिनी, मी... असं म्हणाले."

"ऐकलंस?"

"हो."

"निघायला वाट होती?"

"गॅलरीचं दार उघडंच होतं. आणि निघायचं कशाला? ते भावजीच होते."

बाईंनी गादी सोडली. ती पुन्हा उलगडत गेली. "मग ते संरक्षण नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "कोपर होतं ते संरक्षण. पुढचं होतं ते मारणं. तुरुंगात अशाच निम्म्या बायका होत्या माझ्याकडे. पहिल्या फटक्यासाठी कुणी आत येत नाही."

आपण रडू असं वाटलं होतं तिला, पण रडू आलं नाही. अंगावरून कुणी कपडे काढून न्यावेत तशी ती तिथं बसून राहिली.

"मी काय करू, बाई?"

"मला सांगून काय होणार? माझं नाक फुटलेलं नाही." त्यांनी गादीचं टोक पुन्हा हातात घेतलं. "आणि वर्गाला येत जा. नाही आलीस तर तुला फक्त मारणंच येत राहील."

सांगायचं तिनं रोज ठरवलं आणि रोज टाळलं. दीर एकटा सापडत नव्हता, हे तिचं कारण. सापडला तेव्हा ती नवऱ्याला हाक मारून बोलवायची, हेही खरंच.

मग मनगटाचं हाड सरकल्याचं निघालं. प्लास्टर काढून आत धातूची पट्टी बसवावी लागणार होती. ऑपरेशनआधी रक्त तपासायचं, आणि सासूबाईंनी त्याला तिच्याच लॅबमध्ये धाडलं. "घरची माणसं असताना दुसरीकडे कशाला?"

सकाळची गर्दी ओसरत आली होती. पडदा सरकवून तो आत आला आणि खुर्चीत बसला. दोघांच्या मध्ये ते अरुंद टेबल, वर कापूस, सुया, रंगीत झाकणांच्या नळ्या. त्यानं डावा हात पुढे केला. तिनं दंडाला पट्टा बांधला.

"मूठ आवळा."

त्यानं आवळली. तिनं शीर चाचपण्यासाठी बोटं टेकवली आणि त्याचा हात झटक्यानं मागे गेला. पट्ट्यासकट. तो स्वतःच गोंधळला.

"सॉरी हं, वहिनी. सुईला घाबरतो मी."

सुई अजून तिच्या हातातही नव्हती. ती कागदात बंद होती, टेबलावर.

त्यानं हात पुन्हा पुढे केला. तिनं सुई काढली, टोचली, आणि चुकली. नवशिक्यासारखी शिरेच्या बाजूला गेली. कापूस दाबून धरला. लॅबमधली सगळ्यात हलक्या हाताची बाई म्हणून लहान मुलं तिच्याकडे पाठवत.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही 'मी' म्हणालात ते मी ऐकलं होतं."

तो तिच्याकडे न बघता कापसाकडे बघत राहिला.

"तुमचं तोंड पाहिलं होतं मी. ओळखलं होतं. ओळखून मारलं."

बाहेर कुणीतरी खोकलं. पुढचा नंबर कधी येणार, असं एक म्हातारा विचारत होता.

"ठाऊक आहे मला," दीर म्हणाला. "तुम्ही बघितलंत तेव्हा मला वाटलं, सुटलो. मग तो हात आला."

"मग सगळ्यांना एकच फटका का सांगता?"

"दुसरा सांगितला तर कुणी हसणार नाही."

तिनं कापूस उचलून रक्त थांबलंय का ते पाहिलं. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "का, वहिनी?" चिडून नाही. पोर विचारतं तसं.

"ते 'अहो'. धाकटे दादा. मला ते..." तिनं शब्द शोधला आणि साधाच सापडला. "मला ते लागायचं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

"पण तुम्ही हसायचात."

"हो. हसायचे."

"सांगायचं होतं एकदा."

"सांगितलं असतं तर थांबला असतात?"

तो विचारात पडला. खोटं बोलायचं नाही असं ठरवून विचार केल्यासारखा. "नसतो थांबलो," तो म्हणाला. "त्याचाही एक विनोद केला असता." मग हळूच म्हणाला, "आता तुम्ही घरी येता ना, तेव्हा मी पाठ भिंतीला टेकवून बसतो. वेड्यासारखं. मुद्दाम नाही करत, होतंच तसं."

ते बसणं तिला माहीत होतं. त्या पहाटेनंतर ती स्वतः प्रत्येक खोलीत तशीच बसत आली होती. भिंत शोधून, दार नजरेत ठेवून. गल्लीतल्या माणसानं तिला जे दिलं होतं, ते तिनं नेऊन या भल्या माणसाला दिलं होतं. माफ करा म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण तो शब्द त्या खोलीत फारच लहान वाटला. तरी ती म्हणाली. दुसरा शब्द नव्हता.

"हं," तो म्हणाला. "रक्त घ्या आता. बाहेर लोक उपाशी बसलेत."

ती म्हणाली, "दुसरीला बोलावते. तिचा हात आज बरा चालतोय." त्यानं मान हलवली, आणि त्याला हायसं वाटल्याचं तिनं पाहिलं. तिनं पडदा सरकवला आणि मदतनीस मुलीला हाक मारली.

जाताना तो म्हणाला होता, "आईला नका सांगू. तिचं तोंड उतरेल." पण ऑपरेशन होऊन तो घरी आला, त्यानंतरच्या रविवारी शेजारचे काका-काकू आले. काकूंनी कौतुकानं तिचा तळहात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "या एवढ्याशा हातानं!" आणि सासूबाई म्हणाल्या, "एकच फटका हो!" तेव्हा तिला सहन झालं नाही.

"दोन होते, आई," ती म्हणाली. "दुसरा मी त्यांना ओळखल्यावर मारला. रागानं मारला."

काका आधी हसले, पुढे काहीतरी मजेशीर येणार म्हणून. आलं नाही. काकूंनी तिचा हात सोडला. दीर उशीवर मान टेकवून छताकडे बघत होता. सासूबाई कप गोळा करता करता म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी माझ्याच लेकाला हसत होते." त्या आत गेल्या. आतून नळाचा आवाज येत राहिला.

घरी परतताना नवरा तिच्यापेक्षा दोन पावलं पुढे चालत होता. कोपऱ्यावर थांबला. "त्या 'अहो'वर मीही हसायचो," तो म्हणाला.

"हसायचास."

"मग माझ्यावरही हात उचलला असतास?"

'नाही' म्हणायला तिला खूप आवडलं असतं. "माहीत नाही," ती म्हणाली. तो पुढे चालू लागला. पण आता दोघं बरोबरीनं चालत होती, कारण तो हळू चालत होता.

वर्गाला ती जातेच. बाई तिला फक्त थांबणं शिकवतात. मागून धरलेली मुलगी मध्येच "मी!" असं ओरडते आणि तिनं उचललेला हात हवेत थांबवायचा असतो. कधी थांबतो, कधी गादीला लागतो. टाळ्या कुणी वाजवत नाही.

सासूबाई हल्ली तिच्याशी बोलतात. कामापुरतं, नीट. दीर शाळा सुरू झाल्यावर बसवर रुजू झाला. मनगट पूर्वीसारखं वळत नाही, स्टिअरिंग फिरवताना खांद्याचा जोर लावावा लागतो. पण चालवतो.

परवा सासूबाईंच्या वाढदिवसाला घर भरलं होतं. दीर मधोमध बसून बसमधल्या पोरांच्या गमती सांगत होता, लोक खिदळत होते. ती नुकतीच गाडी शिकायला लागली होती; कुणीतरी म्हणालं, ही रस्त्यावर कशी चालवत असेल. त्याचे डोळे चमकले. "अरे, परवा वहिनींनी गाडी मागे घेताना—" तो म्हणाला, आणि त्याची नजर तिच्यावर गेली.

तो थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते, अर्धवट हसू तोंडावर ठेवून.

"सांगा ना, भावजी," ती म्हणाली. तिला खरंच ऐकायचं होतं.

"नाही," तो म्हणाला, "काही विशेष नाही. विसरलो." आणि त्यानं शेजारच्याकडे केकची बशी सरकवली.